माहीमचं गोड पाणी आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा

१८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी फुटली आणि पाहता पाहता हजारो माणसं बाटल्या-कॅन घेऊन खाडीच्या तोंडाशी जमली. कुणी ओंजळीनं पीत होतं, कुणी घरी न्यायला भरून घेत होतं. सूफी संत मखदूम अली माहिमींचा दर्गा जवळच, त्यामुळे गोडव्याचं श्रेय बाबांच्या कृपेला मिळालं. हे पाणी पिऊ नका, असं महापालिका बजावत होती, प्रदूषण नियंत्रण मंडळही बजावत होतं. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट लागू लागलं आणि गर्दी ओसरली. नंतर या प्रसंगाची नोंद ‘अफवा’ आणि ‘सामूहिक वेड’ या खात्यांत झाली. हा निकाल मात्र फार घाईचा आहे. पाणी नेहमीइतकं खारट नव्हतं, हे जाणकारांनीही नाकारलं नाही. त्यांनी कारणं शोधली. भर पावसाळ्याचे दिवस होते. विहार आणि पवई तलावांचं ओसंडून वाहणारं पाणी घेऊन मिठी नदी साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीत उतरते. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते काही काळ वरच्या थरात राहू शकतं. म्हणजे चव घेणाऱ्यांची जीभ खोटं बोलत नव्हती. मग ती बातमी खरी होती की खोटी?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्या रात्री माहीममध्ये एकच विधान फिरत नव्हतं. ‘पाणी खारट नाही’ हे एक, ‘ते बाबांच्या कृपेनं गोड झालं आहे’ हे दुसरं, आणि ‘ते प्यायला चांगलं आहे’ हे तिसरं. तिन्ही एका दमात बोलली गेली, म्हणून ती एकच वाटली. पहिलं बरंचसं खरं होतं. तिसरं धडधडीत खोटं होतं, कारण त्याच खाडीत उपनगराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण येऊन पडते. दुसरं विधान कारणाबद्दलचं आहे, आणि कारण जिभेला कळत नाही. खरं-खोटं हे गुण प्रसंगाला चिकटत नाहीत, माणसालाही नाहीत. ते एकेका विधानाला चिकटतात. तत्त्वज्ञांनी सत्याच्या स्वरूपाबद्दल अडीच हजार वर्षं जो काथ्याकूट केला, त्याची सुरुवात इथून होते, आणि माझ्या मते त्यातला निम्मा गोंधळही हे पथ्य न पाळल्यानंच झाला आहे.

सत्याची सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भक्कम व्याख्या साधी आहे. जे आहे त्याला आहे म्हणणं आणि जे नाही त्याला नाही म्हणणं म्हणजे खरं बोलणं, असं ॲरिस्टॉटल सांगतो. आपल्याकडे न्यायदर्शनानं तेच अधिक काटेकोर करून सांगितलं. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हे या दर्शनाचं बालबोध पुस्तक. वस्तूत जो धर्म खरोखर आहे तोच तिच्यात आहे असं कळणं म्हणजे यथार्थ अनुभव, आणि नसलेला धर्म तिच्यावर लादणं म्हणजे अयथार्थ, अशी त्याची मांडणी आहे. विधान आणि वस्तुस्थिती यांची जुळणी, एवढंच सत्य. यात कुणाला काय वाटतं, किती जणांना वाटतं, वाटून काय फायदा होतो, याला जागा नाही. पण ही व्याख्या जितकी सरळ तितकीच हात रिकामे ठेवणारी आहे. जुळणी म्हणजे सत्य हे समजलं तरी जुळणी झाली की नाही हे ओळखायचं कसं, हे ती सांगत नाही. सत्य म्हणजे काय आणि सत्य ओळखायचं कसं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढे आलेले बहुतेक सिद्धान्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि पहिल्याचं दिलं असं भासवतात. या लेखाचा सगळा दावा एवढाच आहे.

न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हा फरक नीट ठाऊक होता. ज्ञान खरं आहे हे कळतं कसं, याचं त्यांचं ठरलेलं उदाहरण योगायोगानं पाण्याचंच आहे. तहानलेल्या माणसाला लांबवर पाणी दिसतं. ते पाणीच आहे की मृगजळ, हे दिसण्यातून ठरत नाही. तो चालत जातो, ओंजळ भरतो, तहान भागते. आता तो अनुमान करतो की मघाशी झालेलं पाण्याचं ज्ञान खरं होतं, कारण त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली. इथे सफल कृती ही सत्याची खूण आहे, सत्य नव्हे. पाणी तहान भागण्याआधीही पाणीच होतं. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती सातव्या शतकात असाच विचार करत होता. वस्तूनं आपलं काम करून दाखवणं, ही त्याची कसोटी. त्याच काळात बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीचे विहार नांदते होते. तिथल्या जवळपास प्रत्येक लेण्याशेजारी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आजही दिसतं. उन्हाळ्यात टाक्यात पाणी आहे की नाही, हा त्या भिक्षूंसाठी पुस्तकी प्रश्न नसणार.

आता हीच कसोटी माहीमला लावून पाहा. लोकांना पाणी गोड असल्याचं कळलं, ते पुढे गेले, प्याले, गोड लागलं. न्यायदर्शनाच्या परीक्षेत माहीमची बातमी उत्तीर्ण झाली! पण कोणत्या विषयात? पिऊन फक्त खारटपणाची परीक्षा झाली. पाण्यातले जंतू एका घोटात कळत नाहीत आणि कृपा तर दहा घोटांतही कळत नाही. कृती सफल झाली की तिच्याशी थेट बांधलेलं विधान सिद्ध होतं. त्याच्या पाठीवर बसून आलेली बाकीची विधानं तशीच राहतात. व्यवहारातली फसवणूक नेमकी या फटीतून आत येते. ताईत बांधल्यावर ताप उतरला, एवढं खरं. ताईतानं उतरला, हे त्यात नाही.

अमेरिकेत विल्यम जेम्सनं १९०७ साली याच कसोटीला व्याख्येचा मान दिला. जी समजूत व्यवहारात उपयोगी पडते, जिच्या आधारानं आपलं नीट चालतं, ती खरी, असं त्याचं म्हणणं. जेम्स काही उथळ नव्हता, आणि उपयोग म्हणजे लगेचचं समाधान असंही त्याला म्हणायचं नव्हतं. तरी बर्ट्रांड रसेलनं घेतलेला आक्षेप आजवर हटलेला नाही. एखादी समजूत उपयोगी आहे हे ठरवायचं तर ‘ती उपयोगी आहे’ हे विधान खरं असावं लागतं, आणि ते पुन्हा उपयोगावरच ठरवायचं म्हटलं तर पायच टेकत नाहीत. माहीमच्या पाण्यानं कुणाला त्या रात्री धीर दिला असेल. तो धीर खरा होता. त्यामुळे पाणी पिण्याजोगं झालं नाही.

मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या पंडितांची, म्हणजे मीमांसकांची, भूमिका नैयायिकांच्या अगदी उलट, आणि आजच्या काळाला जास्त बोचणारी आहे. कुमारिल भट्ट म्हणतो की ज्ञान उपजतच प्रमाण असतं; त्याचा खरेपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही, खोटेपणा तेवढा सिद्ध करावा लागतो. ऐकायला हे भोळसट वाटतं, पण अंधेरी स्थानकावर इंडिकेटरवर बोरिवली फास्ट दिसली की हजारो माणसं त्या प्लॅटफॉर्मकडे वळतात. आधी मोटरमनला विचारून खात्री करतो असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक ज्ञानाला आधी पुरावा मागायचा तर पुराव्याच्या ज्ञानालाही पुरावा लागेल आणि गाडी कधीच पकडता येणार नाही. विश्वास ही सुरुवात आहे, हे मीमांसकांचं निरीक्षण अचूक आहे. मात्र त्यांनी दोन अटी घातल्या होत्या आणि त्या विसरून चालत नाही. विरोधी ज्ञान पुढे आलं, किंवा ज्ञान देणाऱ्या साधनातच दोष आढळला, तर तो विश्वास मागे घ्यायचा. इंडिकेटर बंद पडला आहे अशी घोषणा झाली की त्याच्याकडे पाहायचं नाही. मोबाईलवर बारा ठिकाणांहून फिरून आलेला, मूळ लिहिणाऱ्याचं नाव नसलेला मजकूर हा दोष आधीच दाखवणारं साधन आहे. त्याला मीमांसेचं संरक्षण मिळत नाही.

सत्यापेक्षा असत्याचा विचार आपल्या परंपरेत जास्त बारकाईनं झाला आहे, असं माझं मत आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत बहुधा ‘जे खरं नाही ते खोटं’ एवढ्यावर भागवतात. आपल्याकडे शिंपल्यात चांदी का दिसते या एका प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. नैयायिक म्हणतात, भ्रमातली चांदीही हवेतून येत नाही. ती खरी चांदी आहे, फक्त दुसरीकडे, सराफाच्या दुकानात. भ्रम म्हणजे एका जागची खरी वस्तू दुसऱ्या जागी पाहणं. दर पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या रस्त्यांचे जुने फोटो ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात, ते हेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि मिठीनं कलिना-कुर्ला बुडवलं. त्या दिवसाचा फोटो खराच असतो. खोटी असते ती खाली लिहिलेली तारीख. असा फोटो पाहून ‘हे बनावट आहे’ म्हणणारा आणि ‘डोळ्यांनी दिसतंय की’ म्हणणारा, दोघंही चुकतात, कारण दोघंही चित्र आणि तारीख वेगळी करत नाहीत.

प्रभाकर हा कुमारिलाच्याच परंपरेतला दुसरा मीमांसक याहून पुढे जातो. त्याच्या मते भ्रम नावाचं वेगळं खोटं ज्ञानच नसतं. समोर चकाकणारं काहीतरी दिसतं, हे खरं ज्ञान. चांदी आठवते, तेही खरं स्मरण. दोन्हींतला भेद लक्षात येत नाही, एवढंच काय ते बिघडतं. माहीमच्या घटनेला याहून चपखल वर्णन मला सापडलेलं नाही. पाण्याची चव अनुभवाची होती, संतांच्या चमत्कारांच्या कथा आठवणीतल्या होत्या, आणि किनाऱ्यावरच्या गर्दीत अनुभव कुठे संपला नि आठवण कुठे सुरू झाली हे कुणी पाहिलं नाही. प्रभाकराचा सिद्धान्त सगळ्याच चुकांना लागू पडत नाही. जाणूनबुजून रचलेली थाप ही निव्वळ विस्मृती म्हणता येत नाही. पण अफवेला तो पुरेपूर लागू पडतो.

जुळणीच्या व्याख्येवर सर्वांत वजनदार आक्षेप सुसंगतीवाद्यांचा आहे. विधान आणि वस्तुस्थिती जुळते का हे पाहायला आपण आपल्या समजुतींच्या बाहेर जाऊन उभं राहू शकतो का, असं ते विचारतात. नाही. आपण एका समजुतीची तुलना दुसऱ्या समजुतींशीच करतो. म्हणून जी समजूत बाकीच्यांत नीट बसते तीच खरी, एच. एच. जोकिमनं १९०६ साली हे ठासून मांडलं. याचं उत्तर विलेपार्ल्यातल्या एका घटनेत मिळतं. मार्च २०१२ मध्ये इर्ल्याच्या वेलंकनी मातेच्या चर्चमधल्या क्रुसावरच्या मूर्तीतून पाणी ठिबकू लागलं. भाविकांच्या श्रद्धाविश्वात ती गोष्ट सुसंगत होती. बुद्धिवादी सनल एडामारुकू यांच्या भौतिकशास्त्राच्या जगात केशाकर्षणाचं स्पष्टीकरण तितकंच सुसंगत होतं. दोन चोख गोष्टी समोरासमोर होत्या, आणि निव्वळ सुसंगतीवर त्यांतली एक निवडता येत नव्हती. निवड झाली ती पाण्याचा माग काढल्यावर. जवळची गटारवाट तुंबलेली होती, आणि ते पाणी भिंतीतून वर चढत होतं, असं एडामारुकूंनी दाखवलं. म्हणजे समजुतींच्या बाहेर पूर्णपणे जाता येत नसलं तरी बाहेरचं जग आपल्याला अडवू शकतं, आणि त्या अडवण्यातच जुळणीचा अर्थ आहे. १९९५ च्या २१ सप्टेंबरला गणपती दूध पिऊ लागले तेव्हा दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून ओघळताना दाखवलं, तेही असंच.

इर्ल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट न्यायाला धरून सांगायला हवी. एडामारुकूंवर भारतीय दंडसंहितेच्या २९५अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. भावना दुखावल्या की नाही हा एक प्रश्न, पाणी कुठून आलं हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरानं दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही. पण हे दुसऱ्या बाजूनंही पाळावं लागतं. तुंबलेली गटारवाट सापडली म्हणजे पाण्याचा उगम सिद्ध झाला. ईश्वर आहे की नाही याबद्दल तिनं काहीच सिद्ध केलं नाही. काही बुद्धिवादी मित्रांना ही वजाबाकी आवडत नाही, पण ती करावीच लागते.

राहिला तो सर्वांत लोकप्रिय आक्षेप: ज्याचं त्याचं सत्य वेगळं. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत जैनांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांच्या अनेकान्तवादाचा आधार घेऊन हे वाक्य हमखास टाकलं जातं. अनेकान्तवादावर हा अन्याय आहे. वस्तूला अनंत धर्म असतात, म्हणून प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेनं केलं ते सांगून करा, असं त्याचाच भाग असलेला स्याद्वाद म्हणतो. एकच वस्तू आहे आणि नाही कशी, असा शंकराचार्यांनी विचारलेला प्रश्न इथे निष्प्रभ होतो, कारण दोन्ही विधानांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. मुलुंडमधला एक फ्लॅट घ्या. तो ४५० चौरस फुटांचा आहे आणि ७०० चौरस फुटांचाही आहे. पहिला आकडा कार्पेटचा, दुसरा जिना-लॉबीचा वाटा धरून सांगितलेल्या सुपर बिल्ट-अपचा. दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि अपेक्षा न सांगता ७०० म्हणणारा एक शब्दही खोटा न बोलता गिऱ्हाइकाला फसवू शकतो. २०१६ च्या रेरा कायद्यानं बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं सक्तीचं केलं, ते याच पळवाटेसाठी. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी सोडून, आतल्या भिंती धरून, अशी कार्पेटची व्याख्याच कायद्यात घातली. पण एकदा अपेक्षा ठरली की उत्तर एकच उरतं. कार्पेटच्या अपेक्षेनं तो फ्लॅट ६०० चौरस फुटांचा आहे असं ‘माझं सत्य’ म्हणून कुणालाही म्हणता येणार नाही; मोजपट्टी लावली की विषय संपला. स्याद्वाद सत्याला सैल करत नाही, उलट बोलणाऱ्याला जास्त बांधतो.

काही विधानं जुळवायला समोर वस्तूच नसते, हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. ‘खून करणं वाईट’ हे विधान कशाशी जुळवायचं, यावर तत्त्वज्ञांत एकमत नाही आणि इथे ते होणारही नाही. ‘खरं’ हा शब्द विधानात काहीच भर घालत नाही, ‘पाणी गोड आहे हे खरं आहे’ म्हणजे ‘पाणी गोड आहे’ इतकंच, असं फ्रँक रॅम्झीनं १९२७ मध्ये म्हटलं. त्यात तथ्य आहे, पण ‘त्यानं कोर्टात जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं’ या वाक्यातून तो शब्द काढून दाखवणं सोपं नाही. ‘मी आत्ता खोटं बोलतोय’ या वाक्यानं होणारी कोंडी तर्कशास्त्रज्ञ तारस्कीनं भाषेचे स्तर पाडून सोडवली. तो गणितज्ञांचा प्रांत, त्यात इथे शिरत नाही.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या न्यायालयांत रोज वापरली जाणारी एक व्यवस्था तत्त्वज्ञांच्या वादापेक्षा जास्त शहाणी आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यानं वस्तुस्थितीचे दोन नव्हे तर तीन वर्ग केले: शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानंही हेच तीन वर्ग ठेवले. शाबीत म्हणजे सत्य असा कायद्याचा दावा नाही. शहाण्या माणसानं आपल्या परिस्थितीत जिच्यावर विसंबून वागावं इतकी ती गोष्ट संभाव्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. सत्य जुळणीतच आहे हे मान्य करून, न्यायाधीशाच्या हाती फक्त कसोटी आहे हे कायदा प्रामाणिकपणे कबूल करतो. तिसऱ्या वर्गातली गोष्ट खोटी ठरत नाही. ती फक्त विसंबण्याजोगी ठरलेली नसते. आपल्या रोजच्या वादांत हा तिसरा वर्गच नाहीसा झाला आहे. आलेला मजकूर एक तर पुढे पाठवायचा नाही तर थापा म्हणून हसायचं, अशी सवय पडली आहे. आलेल्या बातमीत किती विधानं आहेत ती आधी सुटी करा आणि ज्यांची कसोटी झालेली नाही ती तिसऱ्या वर्गात ठेवायला शिका. या वादात आणखी खोल उतरायचं असेल त्यांनी ‘तर्कसंग्रह’ मराठी भाषांतरासह वाचावा. मुंबईत यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची १८९७ ची आवृत्ती अभ्यासक आजही हाताशी ठेवतात.